उजव्या हाताला विसावा

१

त्याला सगळे ‘नमुनेवाले’ म्हणत. आडवाटेच्या दवाखान्यांतून रक्ताच्या, लघवीच्या बाटल्या गोळा करायच्या, मागच्या थंड पेटीत नीट रचायच्या आणि मोटारसायकलवरून शहरातल्या लॅबमध्ये पोचवायच्या, हे त्याचं काम. ‘नमुनेवाले आले हो’ अशी हाक ऐकून सुरुवातीला तो गोरामोरा व्हायचा. मग सवय झाली. बायको मात्र अजून सोडत नसे. म्हणायची, "ते ‘वाले’ कशाला लावतात लोक? नुसतं नमुना म्हटलं असतं तरी चाललं असतं."

रस्ता लांबलचक आणि बराचसा सरळ. दुसऱ्या कुणाला त्या रस्त्याचा वीट आला असता, पण याचा जीव तिथेच रमायचा. घरात बसला की हा माणूस उगाच नळ घट्ट कर, खिळे ठोक, डबे उघडून बघ असं करत राही. गाडीवर बसला की शांत व्हायचा.

आणि नेमका त्याचा उजवा हात गेला. म्हणजे तुटला-फुटला काही नाही. वर्षानुवर्षं एक्सिलरेटरची मूठ पिळून धरल्यानं आधी मुंग्या येऊ लागल्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. मनगटाच्या पुढे हात आहे की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवायची वेळ आली. बशी हातातून पडली, ती पडल्याच्या आवाजानं त्याला कळली.

डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे. मुठीची ताकद परत आली तर ठीक, नाही आली तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही गाडीचं काही खरं नाही. लॅबच्या साहेबांनी प्रेमानंच सांगितलं होतं की तशी वेळ आली तर काउंटरवर बसा, बाटल्यांना लेबलं चिकटवा. तो घरी येऊन रात्रभर तळमळला. लेबलं चिकटवत जगण्याच्या कल्पनेनंच त्याला गुदमरल्यासारखं होई.

व्यायामासाठी डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. बायकोनं तो कपाटात टाकून दिला. "चेंडू काय सांगणार आहे, नीट दाबला की नाही ते?" असं म्हणून तिनं स्वतःचा हातच पुढे केला. तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की ती त्याच्यासमोर बसायची आणि म्हणायची, "हं, दाबा."

तो दात-ओठ खाऊन दाबायचा, कान लाल व्हायचे.

"कालच्यापेक्षा बरं आहे," ती म्हणायची. पण म्हणताना खिडकीकडे बघायची. खोटं बोलताना ती नेहमी खिडकीकडेच बघे, हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं.

२

तिचा धाकटा भाऊ गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्याच रस्त्यावर पुढच्या गावात त्याचं गॅरेज होतं. मेहुण्याचा हात चांगला, पण एक खोड होती. त्यानं जन्मात कधी कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ‘होईल ना’, ‘देतो की’, ‘झालंच समजा’ एवढ्यावर त्याचा धंदा चालायचा, आणि या तीन उत्तरांवरूनच गिऱ्हाईकं त्याला शिव्याही घालायची.

"दाजी, क्रूझ कंट्रोल बसवू या," तो म्हणाला. "वेग धरला, बटण दाबलं की झालं. हात मांडीवर ठेवून निवांत जा."

"मोटारसायकलला असतं का ते?"

"कंपनीचं नसतं. बाहेरचं मिळतं. झालंच समजा."

सुट्टीच्या दिवशी काम काढलं. सीटखाली पुस्तकाएवढा एक काळा डबा बसवला. त्यात एक मोटर होती, ती एका बारीक केबलनं इंजिनाचं एक्सिलरेटर ओढून धरणार. चाकाचा वेग कळावा म्हणून एक वायर, ब्रेक दाबला की सगळं सोडून द्यावं म्हणून दुसरी वायर. डाव्या मुठीशेजारी अंगठ्याला येईल असं बटण, त्यात हिरवा बारीक दिवा. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक हवेत फिरतंय, मेहुणा तोंडात टॉर्च धरून पालथा पडलेला. दाजी शेजारी उभे राहून इतके प्रश्न विचारू लागले की शेवटी त्यानं टॉर्च तोंडातून काढली.

"दाजी, तुम्ही आत जाऊन चहा घ्या बघू."

चहा घेऊन बाहेर येईतो सीट लागलेली, हत्यारं गोळा केलेली. मेहुणा कापडाला हात पुसत होता. चेहरा जरा उतरलेला वाटला.

"झालं?"

"झालं की," मेहुणा म्हणाला. बटण दाबून दाखवलं. हिरवा दिवा लागला.

३

थंडी पडली होती. त्यानं हँडलच्या दोन्ही मुठींवर रेक्झिनच्या खोळी चढवल्या होत्या, हात आत घातले की वारा लागत नसे. मांड्यांवर टाकीपासून कमरेपर्यंत तसाच रेक्झिनचा ॲप्रन बांधलेला. अंगात जाड जर्किन, डोक्यावर हेल्मेट, हातांत चामडी मोजे. अशा अवतारात माणसाला स्वतःचं फारसं काही दिसत नाही, समोरचा रस्ता तेवढा दिसतो.

पहिल्याच दिवशी गाव संपलं, रस्ता सरळ झाला, त्यानं वेग धरला आणि अंगठ्यानं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. उजवा हात खोळीतून काढून ॲप्रनखाली मांडीवर ठेवला.

गाडी चालत राहिली, वेग तोच. त्याला एवढा आनंद झाला की हेल्मेटच्या आत तो मोठ्यानं हसला. हाताला काही कळत नव्हतं, पण मांडीला कळत होतं. मांडीवर हाताचं जड, ऊबदार ओझं टेकलं होतं. आपला हात आराम करतोय हे त्याला मांडीनं सांगितलं.

असे बरेच दिवस गेले. यंत्र इतकं गुणी निघालं की बोलायची सोय नाही. उखडलेला रस्ता यायच्या आधी गाडी किंचित हळू व्हायची. वळणाला वेग आपसूक उतरायचा, वळण संपलं की पुन्हा चढायचा. तो स्वतःही इतकी मऊ गाडी कधी चालवत नव्हता.

मग एकदा मधल्या दवाखान्यात उतरताना त्यानं डावा मोजा काढला होता, आणि सहज म्हणून उजव्या मुठीवरची खोळ सारखी करायला डावा हात आत गेला. मूठ गरम होती.

इंजिनाची ऊब, तो मनाशी म्हणाला. पण इंजिन खाली आणि मूठ वर. मग डावी मूठ चाचपून पाहिली. तीही गरम होती, पण तिथे त्याचा हात होताच. उजवी मूठ तर मघापासून रिकामी होती. खोळीत वारा जात नाही, ऊब आत कोंडते, असं त्यानं ठरवून टाकलं. नर्सनं बाटल्यांचा ट्रे पुढे केला, तो घेताना त्याचं लक्ष नव्हतं.

"नमुनेवाले, झोप झाली नाही का?"

"झाली की."

४

एकदा शंका आली की ती स्वस्थ बसू देत नाही. आता तो रोज उतरल्या उतरल्या खोळीत हात घालू लागला. मूठ रोज गरम असायची. काकडणाऱ्या थंडीतही. सावकाश, वाट बघितल्यासारखी ती निवत जायची.

त्यानं अक्कल चालवायची तेवढी चालवली. वळणाआधी वेग का उतरतो? तर वळणाच्या आधी बहुधा चढ असतो. खड्डे त्या डब्याला कसे कळतात? कळत नसतील, आपल्यालाच तसं वाटतं. माणूस रिकामा बसला की त्याला काहीही वाटतं.

एकदा वाटेत त्यानं मुद्दाम खाली पाहायचं ठरवलं. मान वाकवली, तर हेल्मेटची हनुवटी छातीला टेकली आणि त्याला ॲप्रनचा काळा फुगवटा तेवढा दिसला. फुगवट्याखाली काहीतरी होतं, अर्थात हातच होता. दुसरं काय असणार? तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि त्यानं मान वर केली. त्यानंतर पुन्हा तो प्रयोग केला नाही.

घरी रोजचं चालूच होतं.

"दाबा."

तो दाबायचा.

"कालच्यापेक्षा बरं आहे." नजर खिडकीकडे.

एवढा आराम देऊनही हातात काडीचा फरक नव्हता. डॉक्टरांची तारीख जवळ येत होती. त्याला काउंटर दिसू लागलं, डिंकाची बाटली दिसू लागली. चिडून त्यानं मेहुण्याला फोन लावला, आणि ऐनवेळी चिडायच्या ऐवजी तोंडातून कौतुकच बाहेर पडलं. "तुझं यंत्र एकदम भारी आहे रे. मी तर रोज हात मांडीवर ठेवूनच जातो."

पलीकडे चाललेली ठोकाठोक थांबली.

"ऐकतोयस ना?"

"दाजी," मेहुणा म्हणाला, "तुम्ही वापरताय ते?"

"म्हणजे काय? रोज."

"आणि गाडी... चालते?"

"चालते म्हणजे? पळते!"

मग मेहुणा घाईघाईनं म्हणाला, "या रविवारी गाडी घेऊन या. ताईलाही आणा. फोनवर नको."

५

भाऊ भेटणार म्हणून बायको खुशीत होती. डोक्याला स्कार्फ गुंडाळून मागे बसली, त्याच्या पाठीला गाल टेकवला. दुपारच्या आधीचं स्वच्छ ऊन होतं. गाव संपलं, त्यानं वेग धरला. यंत्र वापरायचं की नाही असा विचार क्षणभर मनात आला, पण हात केव्हाच बधिर झाला होता. अंगठ्यानं बटण दाबलं. मांडीवर ओझं येऊन टेकलं.

थोड्या वेळानं मागून तिचा हात त्याच्या कमरेवरून पुढे सरकला आणि ॲप्रनखाली गेला. बोटं गारठली असतील बिचारीची. मांडीवर तिच्या हाताची हालचाल त्याला जाणवली, मग ती थांबली.

"अहो!" ती त्याच्या कानाशी ओरडली. "अहो, दाबलंत!"

"काय?"

"हात! केवढ्या जोरात दाबलात माझा हात!"

त्यानं मान अर्धवट वळवली. आरशात तिचा चेहरा दिसला. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं असेल किंवा आनंदानं. इतके दिवस ती खिडकीकडे बघत होती, आज सरळ आरशात त्याच्याकडे बघत होती.

उरलेला सगळा रस्ता तिनं तो हात सोडला नाही. मध्येच ओरडून सांगायची, "आता मी दाबते हं! हं, आता तुम्ही!" आणि मग लहान मुलीसारखी हसायची.

तो हसला नाही. त्यानं हात दाबला नव्हता. निदान दाबायचं मनात आणलं नव्हतं. नस सुटत असेल, त्यानं स्वतःला समजावलं, बरं होताना हात असाच आधी आपल्या मनानं हलत असेल. ही तर आनंदाची गोष्ट. मग आपल्या पाठीला घाम का सुटलाय, हे काही त्याला उमगेना.

६

मेहुण्यानं ‘या, बसा’ सुद्धा म्हटलं नाही. ताईला आत चहा टाकायला पाठवलं आणि थेट सीट काढली.

"दाजी, मारायचं तर मारा," तो म्हणाला, "पण आधी हे बघा."

काळ्या डब्यातून निघालेली केबल इंजिनापर्यंत गेलीच नव्हती. अर्ध्या वाटेत तिला दुमडून, प्लास्टिकच्या पट्टीनं फ्रेमला बांधून टाकलं होतं. पट्टीवर धूळ बसली होती.

"तुम्ही मागे तो नवा एलईडी दिवा लावलाय ना, त्याच्यामुळे ब्रेकची वायर त्या डब्याला कळेना. मध्ये रिले म्हणून एक छोटा स्विच टाकायला लागतो, तो माझ्याकडे नव्हता. ब्रेक दाबल्यावर सुटलं नाही तर काय घ्या? म्हणून केबलच काढून ठेवली. तुम्ही एवढे हौसेनं उभे, तुम्हाला नाही कसं म्हणू? म्हटलं, दोन दिवसांत ओरडत येतील, तोवर रिले येईल. तुम्ही आलाच नाहीत."

"पण दिवा लागतो."

"दिव्याला काय, करंट मिळाला की लागतो. हे यंत्र एक दिवससुद्धा चाललेलं नाही, दाजी."

तो खालीच बसला. गॅरेजमध्ये कुठेतरी नळ ठिबकत होता. मेहुणा बराच वेळ डोकं खाजवत होता. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"अहो, सोपं आहे! हात बधिर आहे ना तुमचा? तो मुठीवरच राहतोय. तुम्हाला वाटतं काढला, पण काढलेलाच नसतो. वर खोळ, अंगात जाड जर्किन, दिसणार कसं? सवयीनं तोच गाडी चालवतोय. खड्डे दिसले की हळू, वळण आलं की हळू. मोजा बघू तुमचा."

उजवा मोजा पालथा केला. तळव्याचं चामडं घासून चकचकीत झालं होतं आणि त्यावर मुठीच्या रबराची नक्षी स्पष्ट उमटली होती. डावा मोजाही तसाच होता.

"बघा! मांडीवर ठेवलेल्या हाताचा मोजा असा होतो का?"

त्याला हसू फुटलं. मोठ्यानं, पोट धरून हसला. गरम मूठ, वळणं, खड्डे, सगळं एका फटक्यात जुळलं. स्वतःच्या हाताला घाबरणारा आपल्यासारखा नमुना शोधून सापडायचा नाही. मेहुणाही सुटकेनं हसायला लागला.

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. तिनं कप हळूच स्टुलावर ठेवले.

"हाच मोजा घातला होता का वाटेत?" तिनं विचारलं.

"हाच. घरून निघताना घातला, इथे येऊन काढला. का गं?"

ती मोज्याकडे बघत राहिली. "मी धरला त्या हातात मोजा नव्हता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही काढून ठेवलाय."

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं पुसायचं राहून गेलेलं.

ती पुढे आली, नवऱ्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. "दाबा," ती म्हणाली. त्यानं जीव खाऊन दाबला. या खेपेला ती ‘बरं आहे’ म्हणाली नाही. हात सोडून दिला आणि आपला हात पदराला पुसू लागली. पुसतच राहिली.

७

त्यानं सगळं काढायला लावलं. डबा, केबल, बटण, हिरवा दिवा. खोळी काढल्या. ॲप्रन सोडून गॅरेजच्या कोपऱ्यात फेकला. मेहुणा म्हणत होता, राहा आज इथेच. पण सकाळी लवकर दवाखाने गाठायचे होते, आणि खरं म्हणजे त्याला तिथे एक क्षणही बसवत नव्हतं.

निघताना बायकोनं सांगितलं, "मी मागच्या दांडीला धरून बसते." त्याच्या पाठीला गालही टेकवला नाही तिनं.

ऊन कलतं होतं, पण चांगला उजेड होता. रस्ता रिकामा. त्याचा उजवा हात मुठीवर होता आणि आता तो दिसत होता: मोजा घातलेला, बोटं वळलेली. तो त्या हाताकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीनं बघत होता. मांड्यांवर वारा लागत होता. थंड, मोकळा वारा. हे बरं आहे, तो स्वतःशी म्हणाला. असंच जायचं. उद्या डॉक्टरकडे जाऊ, काय कापायचं ते कापू देत. लेबलं चिकटवू. लेबलं चिकटवणं काही वाईट काम नाही.

गावाबाहेरचा सरळ रस्ता लागला. नेहमी बटण दाबायचा तोच. उजवा हात मनगटापर्यंत बधिर झालेला होता, तरी त्यानं मूठ सोडली नाही.

मग उजव्या मांडीवरचा वारा लागेनासा झाला.

आधी नुसती ऊब आली. मग ओझं टेकलं, हळूच, ओळखीचं. इतक्या दिवसांच्या सवयीनं त्याचं अंग सैल पडू पाहत होतं, त्याला तेच सर्वांत भयंकर वाटलं. मान खाली घातली की दिसलं असतं. मध्ये ॲप्रन नव्हता, काही नव्हतं. त्यानं समोर बघितलं. हेल्मेटच्या आत त्याचा श्वास मोठमोठ्यानं वाजत होता.

मांडीवर एकदा दाबल्यासारखं झालं. मग ते थांबलं. आता त्यानं दाबायचं, म्हणून थांबलं.

"तुझे हात कुठे आहेत?" तो ओरडला. आवाज चिरकला. तिचेच असोत, एवढंच तो मनात म्हणत होता. तिनं घाबरून पुढे धरलं असेल. तिचेच असोत.

"मागे," ती म्हणाली. "दोन्ही मागे, दांडीला. का हो?"